मदत हवी आहे : लहान नगरपरिषदेने पूरनियंत्रणासाठी निधी कसा उभारावा?

नमस्कार. कोकणातील नदीकाठच्या एका लहान शहरात आम्ही काही नागरिक नगरपरिषदेसाठी हवामान बदलाशी जुळवून घेण्याच्या कामांचा आराखडा तयार करीत आहोत. जुलै २०२१चा चिपळूण-महाडचा महापूर आम्ही विसरलेलो नाही. कामे ठरली आहेत, अडचण पैशाची आहे.

पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार केंद्राकडून मिळालेल्या अनुदानातील ६० टक्के हिस्सा पाणी व स्वच्छतेवरच खर्च करण्याचे बंधन होते आणि उरलेल्या रकमेत पावसाळी गटारांचे जाळेही पूर्ण होत नाही. गाझियाबादने २०२१मध्ये १५० कोटींचे, तर इंदूरने २०२३मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे (पर्यावरणपूरक कामांसाठी गुंतवणूकदारांकडून कर्ज घेण्याचे रोखे) काढले. परंतु तेथे प्रक्रिया केलेल्या पाण्याच्या विक्रीतून किंवा सौरऊर्जेमुळे वाचणाऱ्या वीजबिलातून परतफेडीचा मार्ग दिसत होता. पूरसंरक्षक भिंत कोणतेही उत्पन्न देत नाही, आणि माझ्या मते खरी अडचण हीच आहे.

राज्य आपत्ती निधीतील सौम्यीकरणासाठी, म्हणजे आपत्तीची हानी आधीच कमी करणाऱ्या कामांसाठी, राखलेल्या २० टक्क्यांतून नगरपरिषदेने प्रस्ताव मंजूर करून घेतल्याचा अनुभव कोणाला आहे का? जिल्हाधिकारी कार्यालयाकडे कोणती कागदपत्रे द्यावी लागली? तसेच अनेक लहान नगरपरिषदांनी एकत्र येऊन कर्ज उभारणे व्यवहार्य ठरेल का, याबद्दल जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.