मदत हवी आहे : हिरडीवरची गाठ, ग्रॅन्युलोमा की मूत्रपिंडाच्या कॅन्सरचा मेटास्टॅसिस (तिथून पसरून आलेली गाठ)?

रुग्ण ६२ वर्षांचे. खालच्या डाव्या दाढांजवळ हिरडीवर दीड सेंमीची लालभडक गाठ, ब्रश लागला तरी भळाभळा रक्त. स्केलिंग करून काढली, तीन आठवड्यांत पुन्हा तेवढीच. त्या बाजूचा खालचा ओठ बधिर आहे, आणि खरी काळजी त्याचीच. पायोजेनिक ग्रॅन्युलोमाने (हिरडीवरची साधी, रक्ताळ गाठ) ओठ बधिर होत नाही.

पहिल्या बायोप्सीत फक्त वरचा व्रण आणि ग्रॅन्युलेशन टिश्यू (जखम भरतानाची ऊती) आला, म्हणून रिपोर्ट सौम्य. खोलवर तुकडा घेतल्यावर पारदर्शक पेशींचे पुंजके, मध्ये बारीक रक्तवाहिन्यांची जाळी. पेशींचं मूळ ओळखायच्या चाचण्यांत पॅक्स-८ आणि सीडी-१० पॉझिटिव्ह, पी-६३ आणि म्युसिकारमाइन निगेटिव्ह. म्हणजे लाळग्रंथीचा क्लिअर सेल (पारदर्शक पेशींचा) ट्यूमर मागे पडतो आणि संशय मूत्रपिंडावर जातो.

आता अडचण अशी : क्रिएटिनिन १.६, म्हणजे मूत्रपिंडाचं काम थोडं मंद, आणि कॉन्ट्रास्टचा (स्कॅनआधी शिरेतून देतात ते औषध) त्यावर ताण येऊ शकतो. मूत्रपिंडाच्या कॅन्सरमध्ये पेट (PET) स्कॅन कधीकधी फिका येतो, म्हणून छाती-पोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी हवा. कॉन्ट्रास्ट द्यावा, की एमआरआय? रक्तस्राव थांबवायला आधी एम्बोलायझेशन (गाठीची रक्तवाहिनी आतून बंद करणं) करावं का? शेजारची दाढ हलतेय, निदान पक्कं होईपर्यंत ती काढायची नाही असं ठरवलंय. अनुभवी मंडळींनी कृपया सांगावं.