शाळा म्हणते, वर्षभर थांबा

नमस्कार मंडळी,

आम्ही गेल्या ऑगस्टमध्ये पुण्याहून न्यू जर्सीला आलो. मुलगा सहा वर्षांचा आहे. दोन-तीन शब्दांपलीकडे बोलत नाही, मराठीतसुद्धा. वर्गात गलका वाढला की टेबलाखाली जाऊन बसतो. शिक्षिका म्हणतात, घरी मराठी असल्यामुळे होत असेल, इंग्रजी येऊ दे, वर्षभर थांबू. आम्ही एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहोत, त्यामुळे जास्त मागणी करायची भीती वाटते. कुणाला अनुभव आहे का?

---

नमस्कार,

थांबू नका. आम्ही लेकीच्या वेळी दीड वर्ष थांबलो. शाळेत गेलं की "बघू या" ऐकायचं आणि मान डोलावून घरी यायचं. शिक्षकांपुढे उलट बोलायचं नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. ते दीड वर्ष मला अजून सलतं.

मुलाची तपासणी मागायचा हक्क अमेरिकेच्या १९७५च्या केंद्रीय कायद्याने दिलाय. १९९०पासून त्याला 'आयडिया' म्हणतात. अपंगत्वामुळे विशेष शिक्षणाची गरज असेल, तर वयाच्या तीन वर्षांपासून ते शिक्षण मोफत द्यायची जबाबदारी सरकारी शाळांची आहे. व्हिसाची भीती मनातून काढून टाका. कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळा नाकारता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९८२लाच सांगितलंय. तुम्ही तर रीतसर आलात.

तुमच्या मेलमधला सगळ्यात मोलाचा शब्द 'मराठीतसुद्धा'. इंग्रजी कमी येतं एवढ्यावरून मुलाला अपंग ठरवता येत नाही, म्हणून शाळा बिचकतात. पण अडचण मातृभाषेतही आहे, म्हणजे प्रश्न इंग्रजीचा नाही. हे पत्रात लिहाच. तपासणी शक्य तिथे मुलाच्या भाषेत व्हावी असं कायदा म्हणतो, तेही मागा. आणि घरातली मराठी अजिबात बंद करू नका!

तोंडी सांगून काही होत नाही, पत्र लेखी हवं. "माझ्या मुलाची विशेष शिक्षणासाठी तपासणी करावी" एवढं स्पष्ट वाक्य, तारीख, सही. आपल्या राज्यात पत्र मिळाल्यापासून २० दिवसांत (शाळेच्या सुट्ट्या सोडून, उन्हाळ्याची सुट्टी मात्र धरून) बैठक घ्यावी लागते. तपासणीला तुम्ही संमती दिलीत की ९० दिवसांत तपासणी, निर्णय आणि पात्र ठरला तर आयईपी (त्याच्यापुरता आखलेला शिक्षणाचा लेखी आराखडा) सुरू व्हायला हवा. तपासणीचे अहवाल निर्णयाच्या बैठकीच्या निदान १० दिवस आधी हातात मिळतात. ते घरी नीट वाचा, बैठकीत घाईने सही करू नका.

आयईपीत "संवाद सुधारेल" असलं मोघम ध्येय दिसलं तर हरकत घ्या. नाममात्र प्रगती पुरत नाही, असा सुप्रीम कोर्टाचा २०१७चा निकाल आहे.

मंगळवारी संध्याकाळी घरी या, माझी फाइल दाखवते.

---

ताई,

पत्र रात्रीच लिहिलं, सकाळी शाळेत देऊन पोच घेतली. 'मराठीतसुद्धा' पहिल्याच परिच्छेदात आहे. तो तीन वर्षांचा असतानाचे व्हिडिओ आजीकडे पुण्यात होते, ते तिने पाठवलेत. त्यात ती दहा वेळा "बाळा, पाणी हवं?" विचारते आणि तो नुसता तिचा पदर ओढतो. हे तपासणीच्या वेळी दाखवता येतील का?

---

नक्की दाखवा. मंगळवारी फोन घेऊनच या.