अण्णांना १०० पैकी ९५ मिळाले, मग ते बागेत का जात नाहीत?

बागायतदाराचा_मुलगा (सिडको, नाशिक)

अण्णांना आषाढात अर्धांगवायूचा झटका (स्ट्रोक) आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. निफाडहून नाशिकला वेळेत पोचलो. साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळालं, तेवढं नशीब. मग शहरातल्या एका केंद्रात तीन महिने फिजिओथेरपी. घरी सोडताना फाइलवर लिहिलं होतं: बार्थेल इंडेक्स (रोजची कामं स्वतः किती जमतात याचे मार्क) ९५/१००. डॉक्टर म्हणाले, "उत्तम रिकव्हरी."

घरी येऊन ती यादी वाचली. जेवण, अंघोळ, दाढी-केस, कपडे, शौचावर ताबा, लघवीवर ताबा, संडासचा वापर, पलंगावरून खुर्चीत, चालणं, जिना. संपलं. पाच मार्क गेले ते जिन्याचे, कारण चढताना मागे कुणीतरी लागतं. कपड्यांचे पूर्ण दहा मिळाले, कारण लेंग्याची नाडी गेली आणि इलास्टिक आलं.

आता खरी गोष्ट सांगतो. रोज सकाळी अण्णा छाटणीची कात्री घेऊन गॅलरीतल्या जास्वंदीपाशी उभे राहतात. पहिली काडी कापली जाते. दुसरीला बोटं मुठीतच अडकतात, मग डाव्या हाताने एकेक बोट सोडवायचं. तीन काड्या झाल्या की कात्री कट्ट्यावर ठेवून आत जातात. द्राक्षबागेची गोडी छाटणी (फळासाठीची) त्यांच्याशिवाय झाली, आता खरड छाटणी (नव्या काड्यांसाठीची) तोंडावर आहे. बागेत चला म्हटलं तर येत नाहीत. फोन वाजला की आईकडे देतात.

माझं मत स्पष्ट आहे: हे मार्क बंद करा. पेशंटला पहिल्याच आठवड्यात विचारा, कोणत्या तीन गोष्टी परत हव्यात? आणि तेवढ्याच मोजा.

फिजिओ_पंचवटी

असहमत, आणि जरा रागाने असहमत.

महोनी आणि बार्थेल यांनी १९६५ साली ही मोजपट्टी छापली, तेव्हा त्यातच लिहिलं होतं की १०० मार्क म्हणजे माणूस एकटा राहू शकेल असं नाही. त्याला स्वयंपाक जमणार नाही, घर सांभाळता येणार नाही, लोकांत वावरता येणार नाही, असंही असू शकतं. रोजच्या उठण्याबसण्याला अटेंडंट लागतो का, एवढंच ती सांगते. तिला बागेचं विचारायचं आणि मग तिला खोटी म्हणायचं, हा कुठला न्याय? "उत्तम रिकव्हरी" म्हणणाऱ्याची चूक असेल, आकड्याची नाही.

दुसरं. आकडे नसले तर घरचेच आधी हात टेकतात. माझ्या एका पेशंटचा चालण्याचा वेग सेकंदाला ०.३ मीटरवरून ०.५ वर आला. घरच्यांचं म्हणणं, "काहीच फरक नाही, पैसे वाया चाललेत." दहा मीटरची पट्टी आणि स्टॉपवॉच दाखवलं तेव्हा थांबले. ०.४ च्या खाली माणूस बहुधा घरातच फिरतो, ०.८ च्या वर बाहेर बऱ्यापैकी मोकळा होतो. नुसत्या डोळ्यांना हे दिसत नाही हो.

आकडेमोड_काका

दोघांचंही थोडं थोडं बरोबर. औषधांच्या चाचण्यांत बहुतेक वेळा सुधारित रँकिन श्रेणी (झटक्यानंतर माणूस किती परावलंबी झाला ते सांगणारी) वापरतात, तीन महिन्यांनी. ० म्हणजे काही त्रास नाही, ६ म्हणजे मृत्यू. २ म्हणजे स्वतःचं स्वतः बघतो, पण पूर्वीची सगळी कामं जमत नाहीत. आणि २ पर्यंतचा निकाल सहसा "चांगला" धरतात. म्हणजे संशोधनाच्या वहीत अण्णा पास.

जगण्याची प्रत बघायची तर स्ट्रोक इम्पॅक्ट स्केल घ्या. त्यात हात आहे, बोलणं आहे, स्मरण, मनःस्थिती, लोकांत मिसळणं, सगळं आहे. शेवटी एकच प्रश्न: ० ते १०० मध्ये तुम्ही किती बरे झालात? तो अण्णांना विचारा. तुम्हीही त्यांच्याबद्दल वेगळ्या कागदावर लिहा. मग दोन्ही कागद शेजारी ठेवा.

सिन्नरची_सून

काका, त्यात ५९ प्रश्न आहेत. माझ्या सासूबाईंची वाचा गेली आहे. "हो" म्हणायचं असेल तरी तोंडातून "नको" येतं. मग खुणा कोणी केल्या? मी. "उदास वाटतं का" पुढे मी "बहुतेक वेळा" लिहून मोकळी झाले. त्या दिवशी उदास मी होते.

आणि संडासचे मार्क कुठल्या संडासचे? केंद्रात कमोड होता, म्हणून पूर्ण मिळाले. गावच्या घरी उकिडवं बसायचं भांडं आहे. आम्ही मधोमध भोक पाडलेली खुर्ची करून घेतली, तोवर पंधरा दिवस दोघींचे काय हाल झाले ते कुठल्याच फॉर्मवर नाहीत.

डावखुरा_झालो (ओझर)

इथे ज्याला झटका आलाय असा मी एकटाच दिसतोय, म्हणून लिहितो. डाव्या हाताने टाइप करतोय, चुका पोटात घाला.

सहा वर्षं झाली. मला विचाराल तर माझं आयुष्य ८०. बायकोला विचाराल तर माझं आयुष्य ५०. बाहेरून बघणारा बहुतेक वेळा कमीच देतो. त्याला गेलेलं दिसतं, आम्ही उरलेल्यात राहतो.

धागालेखक, तुमची "तीन गोष्टी" कल्पना ऐकायला छान आहे. मी पहिल्या आठवड्यात काय मागितलं असतं? मोटरसायकल, मोटरसायकल, मोटरसायकल. त्यावर मोजलं असतं तर आजही नापास. नातीला गणित शिकवण्यात माझी संध्याकाळ जाते, हे तेव्हा मागायला सुचलंच नसतं. एक विचारू? कात्री हवी आहे असं अण्णा स्वतः म्हणाले, की तुम्ही ठरवलंत?

बागायतदाराचा_मुलगा

रोज सकाळी हातात घेतात म्हटल्यावर विचारायचं काय त्यात?

फिजिओ_पंचवटी

विचाराच. आणि तुम्ही मागताय ती पद्धत १९६८ पासून आहे: गोल अटेनमेंट स्केलिंग. पेशंटसोबत बसून ध्येय ठरवायचं. अपेक्षेइतकं झालं तर ०, त्याहून बरं तर +१, +२, कमी पडलं तर −१, −२. मधे आढावा घेऊन ध्येय बदलता येतं, त्यामुळे ओझरच्या दादांची मोटरसायकल अडून बसत नाही. वेळ खाते हे खरं. एका ओपीडीत चाळीस पेशंट असतील तर कुणी करत नाही, हेही खरं. मी स्वतः सगळ्यांसाठी करत नाही.

बागायतदाराचा_मुलगा

चार दिवसांनी परत आलोय.

काल जेवण झाल्यावर विचारलं. आधी आकडा: मी मनात ४० धरला होता, अण्णा म्हणाले ७०. मग विचारलं, उरलेले तीस कशाचे? कात्रीचे? तर हसले. म्हणाले, "कात्री मजूर चालवतील रे." आणि बराच वेळ लावून, एकेक शब्द सोडवत सांगितलं की बागेत खुर्ची टाकून बसायला ते कधीही तयार आहेत, पण हाक मारली तर आवाज वेलींच्या एका ओळीच्या पलीकडे जात नाही. मजुरांसमोर बोबडं बोलायची लाज वाटते. फोनचंही तेच.

जास्वंद कशाला कापता मग? तर म्हणे, "तू बघत असतोस म्हणून."

मी सहा महिने त्यांना स्पंजचा चेंडू दाबायला लावतोय.

नाशिकरोड किंवा सिडकोच्या बाजूला स्पीच थेरपिस्ट कुणाला माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

फिजिओ_पंचवटी

व्यनि केलाय. जाताना ध्येय लिहूनच न्या. माझ्याकडून कच्चा मसुदा: दोन ओळींपलीकडच्या माणसाला हाक ऐकू गेली तर ०, चार ओळींपलीकडे +१, आठ ओळींपलीकडे +२. आकडे अण्णांना बदलू द्या.

डावखुरा_झालो (ओझर)

आठ ओळींपलीकडून मजूर धडधाकट मालकाचंही ऐकत नाहीत. +२ जरा अलीकडे घ्या.