मदत हवी आहे: नांगराने उखडलेलं समुद्री गवत खरंच ‘परत येतं’ का?

नमस्कार मंडळी,

मी जीवशास्त्रातली नाही. पोटासाठी हिशेब तपासते आणि पाण्यात डुंबायचा नाद आहे म्हणून एका संरक्षित सागरी क्षेत्राच्या स्वयंसेवक गटात दोन वर्षं काम करते आहे. आमच्याकडे समुद्री गवताचं एक कुरण आहे, तीन-चार मीटर खोलीवर. हिरवी कासवं तिथे चरायला येतात. ती बघायला माणसं येतात, माणसांच्या बोटी येतात आणि लाट कमी लागते म्हणून त्या नेमक्या कुरणातच नांगर टाकतात.

नांगर काढताना पायपुसण्याएवढा गवताचा तुकडा मुळासकट वर आलेला मी स्वतः पाहिलाय. खाली हरळीच्या काश्यांसारखी पांढरट, पेरापेराची खोडं लोंबत होती. खलाशाने तो झटकून पाण्यात टाकला, तर तरंगत गेला.

आता अडचण अशी. पुढच्या महिन्यात बैठक आहे आणि कुरणात नांगरबंदी करायची की नुसत्या सूचना द्यायच्या, ते तिथे ठरेल. मागच्या बैठकीत एक जुने तांडेल उठून म्हणाले, “ताई, गवतच आहे ते. गेल्या वर्षीच्या खड्ड्यात बघा, सगळं हिरवं झालंय.” मी जाऊन बघितलं. खरंच हिरवं झालंय! माझ्याकडे उत्तर नव्हतं.

माझे प्रश्न दोन आहेत. गवत परत येत असेल तर आम्ही उगाच आरडाओरडा करतोय का? आणि बंदी नको असेल तर बोटी बांधायला बोये टाकून भागेल का? एक बोया आधीच टाकलेला आहे (कुणी, ते सोडा). काँक्रीटचा ठोकळा, वर जाड साखळी. पण त्या ठोकळ्याभोवती आता ताटासारखं गोल टक्कल पडलंय, म्हणून विचारतेय.

प्रतिसाद: खड्ड्यात जे हिरवं आलंय त्याची पानं कशी आहेत? आणि आजूबाजूच्या जुन्या गवताची? माझं उत्तर त्यावर अवलंबून आहे.

धागाकर्ती: फोटो परत बघितले. जुनं गवत पट्ट्यासारखं, वीतभर उंच. खड्ड्यातली पानं मात्र बोटाच्या पेरापेक्षा लहान, लंबगोल, मधोमध शीर. जोडीजोडीने उगवलेली.

प्रतिसाद: मग तुमचे तांडेल खोटं बोलत नाहीत, पण हे ते गवत नव्हे. लंबगोल पानांचं बहुतेक हॅलोफिला असणार, समुद्री गवताचाच एक लहान प्रकार. रिकामी जागा दिसली की ते सगळ्यात आधी घुसतं, काही महिन्यांत पसरतं आणि तितक्याच सहज वादळात वाहूनही जातं. तोडलेल्या जंगलात आधी रानमोडी माजते, तसं समजा. वरून हिरवंच दिसतं.

रुंद पट्टीचं गवत मात्र हळू चालतं. भूमध्य समुद्रातलं पोसिडोनिया याचं टोकाचं उदाहरण, त्याचं आडवं खोड वर्षाला जेमतेम काही सेंटीमीटर सरकतं. मीटरभर खड्डा भरायला किती वर्षं लागतील ते तुम्हीच मांडा, हिशेब तुमचा विषय आहे. म्हणून तर स्पेनच्या बालेआरिक बेटांनी २०१८ मध्ये पोसिडोनियावर नांगर टाकायला मनाई करणारा हुकूमनामा काढला.

‘हिरवं म्हणजे हिरवंच’ या म्हणण्याला माझ्याकडे दुसरं उत्तर शार्क बेचं आहे, पश्चिम ऑस्ट्रेलियातलं. २०१०-११ च्या उन्हाळ्यात तिथे समुद्र इतका तापला की अँफिबोलिस नावाच्या गवताची कुरणंच्या कुरणं मेली. पुढे काही जागी हॅलोड्यूल हे लहान, चपळ गवत आलं. पण ते अँफिबोलिसएवढं दाट आणि उंच नसतं. त्यानंतरच्या वर्षांत तिथल्या हिरव्या कासवांची प्रकृती खालावलेली आढळली. तिथे कारण उष्णता होतं, नांगर नव्हे, हे बैठकीत आधीच सांगून टाका. नाहीतर कुणीतरी तेवढंच धरून बसेल.

प्रतिसाद: एक सावधगिरी. प्रत्येक टक्कल नांगराचं नसतं. डुगाँग (समुद्री गवतावर जगणारे मोठे सस्तन प्राणी) असतील तर ते हॅलोफिला मुळासकट खातात आणि मागे नागमोडी पट्टा सोडतात, साधारण त्यांच्या थोबाडाएवढा रुंद. पाकट मासे खड्डे करतात. उथळ पाण्यात बोटीच्या पंख्याने कापलेली रेघ अरुंद आणि सरळ असते. नांगराची खूण म्हणजे आधी खोल घाव, मग ओढत नेलेला चर आणि कडेला उलटलेली ढेकळं. आणि फोटोत मोजपट्टी ठेवता ना?

धागाकर्ती: नाही ठेवली. दोन वर्षांचे फोटो आहेत आणि एकातही माप नाही. आणि दरवेळी ‘साधारण तिथेच’ उतरलो. हिशेबाच्या वहीत कुणी असं केलं असतं तर मी त्याला उभा जाळला असता.

प्रतिसाद: सगळ्यांचं पहिल्यांदा हेच होतं. सीग्रास-वॉच या समुद्री गवताची पाहणी करणाऱ्या उपक्रमाची पद्धत सोपी आहे. ५० मीटरच्या तीन समांतर दोऱ्या, एकमेकींपासून २५ मीटरवर. प्रत्येक दोरीवर दर ५ मीटरला अर्धा मीटर बाय अर्धा मीटरची चौकट ठेवायची. एकूण ३३ चौकटी होतात. प्रत्येकीत गवत किती टक्के आणि त्यात कुठली जात किती, ते लिहायचं. तुमचा वाद दुसऱ्या रकान्यातच सुटणार आहे. दोरीच्या टोकांना कायमच्या खुणा ठोकायच्या असतील तर आधी परवानगी घ्या, संरक्षित क्षेत्रात तळाला खिळा ठोकायलाही ती लागू शकते.

बोयाबद्दल: टक्कल ठोकळ्यामुळे कमी, साखळीमुळे जास्त पडतं. ओहोटीला साखळी सैल पडून तळावर लोळते आणि बोट वाऱ्याबरोबर फिरते तशी ती झाडूसारखी गोल फिरते. उपाय म्हणजे साखळी तळाला टेकूच द्यायची नाही. वाळू असेल तर स्क्रूसारखा पिळून खोल बसवायचा नांगर, त्यावर दोर, आणि दोराला पाण्याच्या मधोमध एक छोटा तरंगता गोळा, म्हणजे ढिला दोरही वरच उचललेला राहतो. खडक असेल तर भोक पाडून कडी पक्की करतात. फ्लोरिडात की लार्गोच्या प्रवाळांवर १९८१ पासून असे बोये आहेत.

प्रतिसाद: आणि ‘नंतर लावू की परत’ असं कुणी म्हणालंच तर अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरच्या खाजणांचं सांगा. १९३० च्या दशकात रोग आणि वादळ यांनी तिथलं ईलग्रास नावाचं समुद्री गवत पुसून गेलं. आसपास बी देणारं कुरणच उरलं नाही, म्हणून पुढची कित्येक दशकं तळ उघडाच राहिला. या शतकात ७ कोटींहून जास्त बिया हाताने पेरल्या, तेव्हा आता साधारण ३,६०० हेक्टर उभं आहे. होतं परत, पण त्यासाठी वीस वर्षं आणि बियांच्या राशी लागल्या.

धागाकर्ती (आठ दिवसांनी): सगळ्यांचे आभार. पहिल्या दोरीच्या ११ चौकटी झाल्या. जुन्या कुरणात पट्टीचं गवत, चारही खड्ड्यांत एकजात लंबगोल, पट्टीचं एक पानसुद्धा नाही.

त्या दिवशी बोट त्याच तांडेलांची होती. मी त्यांना माझा मास्क दिला आणि कडेला धरून खाली बघायला लावलं. आधी खड्डा, मग बाजूचं गवत. बराच वेळ बघत होते. वर आल्यावर गवताबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. म्हणाले, “तो बोया टाकला ना, तेव्हा मला विचारलं असतं तर सांगितलं असतं, एवढी लांब साखळी इथे लोळणार म्हणून.” ओहोटीला तिथे पाणी किती उतरतं आणि कुठल्या वाऱ्यात बोट कुठे तोंड करते, ते त्यांनी मला कागदावर काढून दिलंय.

तर आता शेवटचा प्रश्न. भरती-ओहोटीचा फरक साधारण दोन मीटर आणि एका बोयाला एकावेळी एकच बोट, असं धरलं तर मधला तरंगता गोळा तळापासून किती उंचीवर बांधायचा? ज्यांनी प्रत्यक्ष बसवलाय त्यांनीच सांगा. तांडेल म्हणतात अर्ध्या पाण्यात, पण भरतीच्या की ओहोटीच्या, यावर आमचं अजून जमलेलं नाही.