मदत हवी आहे: शर्मन रणगाड्याच्या मॉडेलवरची वाळूची पोती भरलेली वाटतच नाहीत

मंडळी, दीड महिना एकाच ठिकाणी अडकून पडलोय, ज्यांनी हे काम केलंय त्यांनी प्लीज सांगा.

१/३५ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाच्या मापात, एम४ए३ शर्मन या अमेरिकन रणगाड्याचं मॉडेल करतोय, ७६ एमएम तोफवाली. अमेरिकेच्या १४ व्या आर्मर्ड (रणगाडा) डिव्हिजनची, १९४५ ची सुरुवात, फ्रान्समधला अल्सास. हीच ती डिव्हिजन जी जानेवारीत हॅटन आणि रिटर्सहोफेन या दोन गावांत घराघरासाठी लढली. यांच्या रणगाड्यांचे फोटो बघितले असतील तर माहितीच असेल, हलच्या (रणगाड्याच्या धडाच्या) बाजूंना लोखंडी पट्ट्यांचा रॅक वेल्ड केलेला आणि त्यात पोत्यांची थप्पी, पुढच्या उतारावरही पोती, जर्मन पँझरफाउस्टच्या, म्हणजे एकट्या सैनिकाने डागायच्या रणगाडाविरोधी अस्त्राच्या, भीतीने. ऑर्डनन्सवाल्यांचं (सैन्याच्या शस्त्रास्त्र विभागाचं) म्हणणं होतं की पँझरफाउस्टपुढे या पोत्यांचा फारसा उपयोग नाही, पण आत बसणाऱ्या पाच जणांना धीर येत होता म्हणून त्यांनी लावलीच, आणि मला ते पटतं. म्हणूनच हा रणगाडा नीट करायचाय, नुसती सजावट म्हणून नाही.

आता अडचण. प्लंबर वापरतात तो दोन भाग मळायचा इपॉक्सी पुट्टी घेतला, साठ पोती वळली, काचेवर वाळवली आणि मग हलवर चिकटवली. माप बरोबर आहे, भरलेलं पोतं साधारण ५० सेंटीमीटर लांब धरलं, म्हणजे मॉडेलवर १४ मिलिमीटर, रुंदी साडेसात, जाडी साडेतीन. तरी लांबून बघितलं की उशा ठेवल्यासारख्या दिसतात. प्रत्येक पोतं सुटं, दोन पोत्यांच्या मधून हलचा हिरवा रंग दिसतो, आणि उतारावर तर ती टेकलेलीच वाटत नाहीत.

हे मला जास्त खुपतं कारण आमचं धान्याचं दुकान आहे, लहानपणापासून थप्पी बघत आलोय. भरलेलं पोतं खाली टाकलं की ते बसतं, पोट पसरतं, कोपऱ्यांचे कान वर उभे राहतात, वरचं पोतं खालच्या दोघांच्या मधल्या खळग्यात रुततं. हमाल तोंड नेहमी आतल्या बाजूला करतो, नाहीतर थप्पी सरकते. हे सगळं डोळ्यासमोर आहे पण बोटातून उतरत नाही.

तर विचारायचंय की पुट्टी ओला असताना थेट हलवर लावायचा का, आणि लावला तर रंग कसा द्यायचा, आतल्या फटीत ब्रश जात नाही. दुसरं, बारदानाची वीण कशाने उठवता? मी बँडेजची जाळी दाबून बघितली, मासळीचं जाळं वाटतं. तिसरं म्हणजे वजन. एक पोतं पंधरा-सोळा किलोचं धरलं तर सव्वाशे पोत्यांचे दोन टन होतात, तीस-बत्तीस टनांच्या गाडीवर. अमेरिकन जनरल पॅटनचा सॅंडबॅगला, म्हणजे या वाळूच्या पोत्यांना, विरोध होता तो याच कारणाने, सस्पेन्शन आणि ट्रान्समिशनवर ताण येतो म्हणून, त्याच्या थर्ड आर्मीत मग निकामी रणगाड्यांचे पत्रे कापून वेल्ड केले. मग माझ्या मॉडेलच्या स्प्रिंगा थोड्या दबलेल्या दाखवू का?

प्रतिसाद १

भाऊ, पोती चांगली वळली असणार, चूक क्रमात झालीये. वाळवून लावलेलं पोतं कधीच बसणार नाही. ओलंच लावा. आधी हलवर व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवा, मग खालची रांग मांडा, आइस्क्रीमच्या काडीने हलकं दाबा, वीसेक मिनिटं थांबा म्हणजे ती जराशी धरते, मग वरची रांग मऊ असतानाच सांध्यावर ठेवून दाबा, खालच्याचा आकार ती आपोआप घेते. रात्रभर ठेवा. सकाळी अख्खी थप्पी एका तुकड्यात सुटते, बाहेर काढून रंगवा, हल वेगळा रंगवा, शेवटी चिकटवा. हलवरचं व्हॅसलीन रंगाआधी साबणाने धुवायला विसरू नका, नाहीतर रंग धरणार नाही.

विणीसाठी जुनी मलमल, धुऊन धुऊन विरलेली. पुट्टीवर टाल्कम पावडर मारा, मगच कापड दाबा.

मांडताना ड्रायव्हरचं हॅच उघडतंय ना, पेरिस्कोप आणि पुढची मशिनगन मोकळी आहे ना हे बघत जा, आणि टरेट (तोफेचा फिरता बुरूज) पूर्ण फिरवून बघा. खऱ्या क्रूने तेच बघितलं असणार.

प्रतिसाद २

स्प्रिंगा दाबा, पण सगळ्या सारख्या नको. पोती पुढच्या उतारावर जास्त असतील तर पहिली बोगी (स्प्रिंगवरची चाकांची जोडी) थोडी जास्त. अर्धा मिलिमीटर पुरे.

पुढचं मॉडेल पॅसिफिकमधलं करून बघा, इवो जिमा या जपानी बेटावर अमेरिकन मरीन लोकांनी शर्मनच्या बाजूंना लाकडी फळ्या ठोकल्या होत्या, जपानी सैनिक पळत येऊन स्फोटकं चिकटवायचे म्हणून. लाकूड रंगवायला मजा येते.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री फक्त नऊ पोती केली, उजव्या बाजूच्या रॅकमध्ये, पहिल्या प्रतिसादात सांगितलंय तशीच. आज सकाळी सोडवली तर मागच्या बाजूला रॅकच्या पट्टीचा ठसा उमटलाय, आणि मधलं पोतं दोन पट्ट्यांच्या मधून किंचित बाहेर फुगलंय, अगदी दुकानातल्या फळीतून फुगतं तसं. वडिलांना दाखवलं, ते म्हणाले हे भरलंय. मलमलही जमली, आईच्या जुन्या ओढणीचा तुकडा होता.

साठ जुनी पोती काढून टाकतोय, सगळी परत करणार. आता एकच राहिलं, रंग. अल्सासचा हिवाळा, बर्फ वितळतंय, म्हणजे बारदान भिजलेलं असणार. भिजलेलं पोतं खालून काळपट होतं आणि वर कोरडं पिवळसर राहतं, ते बफवर (फिकट पिवळसर रंगावर) बर्न्ट अंबरचा (गडद तपकिरी) ऑइल वॉश, म्हणजे पातळ केलेल्या ऑइल रंगाचा हात, देऊन येईल का, की खालची रांग मुळातच गडद रंगवून घेऊ? कोणी केलं असेल तर ओल्या भागाचा क्लोजअप टाका.