मदत हवी आहे: भावाचा गुडघा, गोव्याची ट्रायल, ऑपरेशन करावं का?

खासबागकर: धाकटा भाऊ फुटबॉल खेळतो, विंगर आहे, म्हणजे कडेने पळणारा. लेले मैदानावर मॅचमध्ये गुडघा फिरला. डॉक्टर ऑपरेशन म्हणतात. पुढच्या महिन्यात गोव्यात क्लबची ट्रायल आहे, ती चुकली की वर्ष गेलं. घरात दोन तट पडलेत. ऑपरेशननंतर कोण कोण पहिल्यासारखं खेळलं, तेवढं सांगा. लवकर सांगा, परवा उत्तर द्यायचंय.

टिळकवाडी_१०: "फिरला" म्हणजे काय? एमआरआय काढला का? लिगामेंट (हाडं जोडणारा पट्टा), मेनिस्कस (सांध्यातली गादी) की वाटी? वय किती? यातलं काहीच न सांगता कोण काय सांगणार?

वडगावचा_पैलवान: ऑपरेशनच्या नादाला लागू नका. आमच्या तालमीत उस्ताद तेल लावून चोळतात, पट्टा बांधतात, पोरं परत मातीत उतरतात. एकदा चाकू लावला की पायात पहिला जोर राहत नाही.

निपाणी_फिजिओ: पैलवानदादा, मुरगळणं वेगळं आणि लिगामेंट तुटणं वेगळं. तुटलेला एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं मुख्य लिगामेंट, चोळून जुळत नाही, आणि ताज्या दुखापतीवर चोळलं तर सूज वाढते. खासबागकर, 'कट्' असा आवाज आला होता का? सूज लगेच आली की दुसऱ्या दिवशी?

सान_सिरो: रोनाल्डो बघा की, ब्राझीलचा. नोव्हेंबर १९९९ मध्ये इटलीच्या इंटर क्लबकडून खेळताना उजवा गुडघा गेला, ऑपरेशन झालं. एप्रिल २००० मध्ये लाझिओ क्लबविरुद्ध कोपा इटालिया या इटलीतल्या कपच्या फायनलला बदली म्हणून उतरला आणि सहा-सात मिनिटांत ड्रिबल करताना तोच गुडघा परत गेला. कुणी धक्काही लावला नव्हता. मग जवळजवळ दीड वर्ष बाहेर. आणि २००२ च्या वर्ल्ड कपला ८ गोल, त्यातले २ फायनलमध्ये! ऑपरेशनने संपला नाही तो.

कॅम्पातली_ताई: हॉलंडच्या व्हॅन बास्टनचं नाव कोणी घेत नाही. वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलरचं बक्षीस, बॅलन डी'ओर, तीन वेळा मिळालेला माणूस. घोट्यावर ऑपरेशनांवर ऑपरेशनं झाली, १९९३ ची चॅम्पियन्स लीग फायनल त्याची शेवटची मॅच ठरली, तेव्हा तो २८ वर्षांचा होता. दोन वर्षं वाट पाहून १९९५ मध्ये निवृत्ती जाहीर केली. पोराला दोन्ही बाजू कळू देत.

निपाणी_फिजिओ: ताई, तो घोटा. आणि रोनाल्डोचं वाटीखालचं टेंडन (जाड दोरीसारखा पट्टा) होतं, एसीएल नव्हे. याच्याशी सरळ जोडू नका.

शाहू_स्टेडियम: कोल्हापुरात पाटाकडील विरुद्ध दिलबहार मॅच असली की गुडघे बांधून खेळणारी पोरं बघितल्यात मी. बुटांकडे लक्ष द्या. टर्फवर लांब ब्लेडचे बूट नकोत, पाय अडकतो आणि गुडघा फिरतो.

खासबागकर: बुटाचं कोण विचारतंय? एमआरआयमध्ये एसीएल पूर्ण फाटलाय, मेनिस्कसलाही लागलंय. वय १९. सूज त्याच संध्याकाळी आली. आता सरळ पळतो, पण वळताना गुडघा सटकतो. नी-कॅप घालून ट्रायल देतो म्हणून हट्टाला पेटलाय.

टिळकवाडी_१०: हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं की हो!

निपाणी_फिजिओ: ट्रायल देऊ देऊ नका. नी-कॅपने हा गुडघा आवरत नाही. दर वेळी सटकला की मेनिस्कस आणखी फाटतो, आणि तो गेला तर पुढे ऑपरेशन करूनही गुडघा दुखतच राहील. माझं मत ऑपरेशनच्या बाजूने. त्यानंतरही ९ महिन्यांच्या आत मॅच नको, आणि तेव्हाही दोन्ही मांड्यांची ताकद जवळजवळ सारखी आली असेल तरच. क्लबला रिपोर्ट पाठवून पुढची तारीख मागा.

वडगावचा_पैलवान: ९ महिने पोरगं घरात बसवायचं?

निपाणी_फिजिओ: बसवायचं नाही, रोज व्यायाम करायचा. तालमीत पोरांकडून बैठका करून घेता तसंच मागे लागा. त्यात तुमचीच मदत होईल, दादा.

खासबागकर: क्लबला आत्ता फोन लावतो. डॉक्टरांनी विचारलंय, नवीन लिगामेंट हॅमस्ट्रिंगमधून (मांडीच्या मागच्या स्नायूतून) घ्यायचं की वाटीच्या टेंडनमधून?

निपाणी_फिजिओ: विंगर आहे, स्प्रिंट मारतो, म्हणून मी वाटीचं म्हणेन. गुडघे टेकून बसताना काही काळ दुखेल. पण सर्जनचा हात कशावर बसलाय, ते त्यांनाच आधी विचारा.