फिरत्या करंडकाचं काय?

"एकदा स्टेजवर हातात दिली की ट्रॉफी आपली, विका नाही तर मोडीत घाला" हे बक्षिसाची ट्रॉफी विकण्यावरच्या या चर्चेतलं एक म्हणणं मला अर्धंच पटतं. काही अट न घालता दिलेलं बक्षीस आपलंच. पण 1950 नंतरच्या ऑस्करला अट आहे: विजेत्याला किंवा वारसांना ऑस्करची बाहुली विकायची असेल तर आधी ती देणाऱ्या अकादमीला एका डॉलरला देऊ करावी लागते. त्याआधीच्या बऱ्याच बाहुल्या मोकळ्या आहेत, म्हणून तर अमेरिकन अभिनेते हॅरॉल्ड रसेल यांना 1947 सालची आपली ऑस्कर 1992 मध्ये बायकोच्या आजारपणाच्या खर्चासाठी 60,500 डॉलरला विकता आली. त्या माणसाला नावं ठेवणं मला कधीच जमलं नाही.

इथे कुणी फिरत्या करंडकाबद्दल बोललेलं नाही. तो जिंकला तरी मालकी संस्थेचीच, आपल्याकडे वर्षभर सांभाळायला असतो. परभणीला वडील गेल्यावर माळ्यावर एकांकिका स्पर्धेचा करंडक सापडला. काळा पडलेला, एक कान निखळलेला. भंगारवाला किलोच्या भावानं न्यायला तयार होता. चिंचेनं घासला तेव्हा बुडाशी 'फिरता' अशी अक्षरं दिसली, आणि लाकडी बैठकीवर पितळी पट्ट्यांत आधीच्या सहा संघांची नावं. वडिलांच्या संघाची पट्टी सातवी. पुढच्या वर्षी स्पर्धाच बंद पडली होती, म्हणून तो घरी राहिला. संस्थेचे जुने चिटणीस शोधून त्यांच्या हवाली केला आणि पोच घेतली. सातव्या पट्टीचा फोटो तेवढा ठेवलाय.